टिटवीची आई

टिटवीने पहिली शिकार केली तेव्हा ऋजुता चिमीला नाचणीचं सत्त्व भरवत होती. चमचाभर आत, अर्धा चमचा बाहेर, हनुवटीवरचं निपटून पुन्हा आत, असा कार्यक्रम रंगात आला होता. खिडकीबाहेर, तळाच्या कुंपणापलीकडे दोन करडी विमानं धावपट्टीवरून उठली आणि बघता बघता दिसेनाशी झाली. त्यात नवल काहीच नव्हतं. भैरवमाळच्या हवाई तळावर संसार थाटला की मांडणीतल्या भांड्यांचा खणखणाट आणि खिडक्यांच्या काचांची थरथर अंगवळणी पडते. नवल पुढेच होतं. सत्त्वाची वाटी विसळेपर्यंत शेजारच्या प्रधानकाकू पेढ्यांचा डबा घेऊन दारात हजर झाल्या.

"घे, तोंड गोड कर! लेक पास झाली तुझी!"

"कोण, चिमी? अहो काकू, तिला अजून धड रांगता येत नाही."

"चिमी नव्हे गं, दुसरी! टीव्ही लाव आधी."

टीव्हीवर एकच तुकडा पुन्हा पुन्हा दाखवत होते. तांबडी नदीवरचं आभाळ. त्यात पांढुरका ठिपका. मग लखलखाट, आणि ठिपका नाही. पैलदेशाचा हेरफुगा आपल्या सातव्या पिढीच्या विमानाने टिपला होता. जमिनीवरच्या रडारने नोंद घ्यायच्या आधी, कुणा माणसाने हुकूम द्यायच्या आधी. निवेदिकेचा आवाज आनंदाने चिरकत होता. "टिटवीला आधीच कळलं होतं!"

ऋजुता पदराला हात पुसत उभीच राहिली. तिने तो तुकडा चौथ्यांदा पाहिला तेव्हा तिची नजर ठिपक्यावर नव्हतीच. ठिपका दिसण्याच्या क्षणभर आधी विमानाच्या कॅमेऱ्यातलं चित्र एकदम डावीकडे हिसकलं होतं. विमानाने नाक वळवलं होतं. कान टवकारून मान फिरवावी, तसं.

तिची स्वतःची मान तशी फिरत असे. पाळण्याकडे.

संध्याकाळी निनाद आला तो शीळ घालतच. तो टिटव्यांवर शस्त्रं चढवणाऱ्या तुकडीत होता. क्षेपणास्त्र जमिनीवर असताना चुकून सुटू नये म्हणून त्यात एक पिन खुपसलेली असते आणि पिनेला वीतभर लांब लाल पट्टी. विमान निघण्याच्या घटकेला निनाद त्या पिना उपसायचा आणि पट्ट्या हात उंचावून दाखवायचा. म्हणजे आता हे विमान जिवंत झालं. सातव्या पिढीच्या विमानात वैमानिक नव्हता, कॉकपिटची काचही नव्हती, पण पट्ट्या उंचावून दाखवायची रीत राहिली होती. कुणाला दाखवायच्या हे कुणी विचारत नसे.

"बघितलंस?" त्याने चिमीला उचलून छताकडे भिरकावलं. "तुझ्या ताईने आज काय केलं बघितलंस?"

"निनाद, खाली घे तिला. आत्ताच जेवलीय."

"बघितलं? ही आपली टिटवीची आई! सगळ्या तळात एकच चर्चा चाललीय."

टिटवीची आई. तळावर तिला आताशा सगळे असंच म्हणत, आणि त्याला कारण होतं.

तळाच्या फाटकापासून वसाहतीपर्यंतच्या रस्त्यालगत जुनी लढाऊ विमानं चौथऱ्यांवर ओळीने उभी होती, एका पिढीचं एक. लग्न होऊन आली तेव्हा निनादने घरच्या वडीलधाऱ्यांची ओळख करून द्यावी तशी तिला त्यांची ओळख करून दिली होती. "ही आमची पणजी. पंखा जाऊन जेट आलं, तेवढंच. तोफा जुन्याच, आणि वैमानिकाने डोळ्यांनी शत्रू शोधायचा. ही दुसरी. आवाजालाही मागे टाकायची, पण वळायची म्हणजे मालगाडी. हिच्या पोटात साळुंक्यांचं घरटं आहे बघ. तिसरीच्या नाकात चांगलं रडार आलं, म्हणजे न दिसणारा शत्रू मारायची सोय झाली. चौथी मुद्दाम तोल जाईल अशी घडवलेली. कॉम्प्युटर क्षणाक्षणाला सावरतो म्हणून हवेत राहते, आणि म्हणूनच मासोळीसारखी वळते. पाचवी लपणारी. रडारच्या लहरी अंगावर पडल्या की परत जाऊच देत नाही. आणि सहावी एकटी नसतेच. एक मोठं विमान आणि भोवती बिनमाणसांची लेकरं."

"आणि सातवी?"

"चौथरा रिकामा आहे ना, तो तिचा. अजून जन्मायचीय."

ऋजुताने तेव्हा गंमतीने म्हटलं होतं, "म्हणजे प्रत्येक सुनेने सासूला जे जमलं नाही तेच करून दाखवायचं." निनाद हसला होता. पण तो रस्ता पायाखालचा झाल्यावर तिला वेगळंच दिसू लागलं. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या भीतीतून जन्मली होती. मागे पडू या भीतीतून वेग, दिसू या भीतीतून लपणं, एकटे पडू या भीतीतून घोळका.

सहाव्या पिढीची भीती निराळी निघाली. पैलदेशाने भूलपाखरं काढली. हाताएवढी, स्वस्तातली, हजारांनी सोडता येणारी. रडारवर त्यातलं प्रत्येक पाखरू लढाऊ विमानासारखं दिसायचं. सहाव्या पिढीचा कॉम्प्युटर हुशार होता, पण त्याला सगळी पाखरं सारखीच महत्त्वाची वाटत. किती खात्री झाली की झाडायचं ती पातळी खाली आणली तर तो प्रत्येकावर गोळी झाडी, वर नेली तर त्या गर्दीतून खरं विमान निघून जाई.

उत्तर सापडलं ते विमानांच्या कारखान्यात नव्हे, मेंदूच्या प्रयोगशाळेत. डॉ. हर्षदा टिपणीस ओल्या बाळंतिणींच्या झोपेवर संशोधन करत होत्या. नवी आई कुकरच्या शिट्ट्यांत झोपते, वरातीच्या ताशात झोपते, आणि बाळाने नुसती मूठ हलवली की टक्क जागी होते. मेंदूच्या मधोमध कानांकडून येणाऱ्या वार्तांसाठी एक दरवाजा असतो. झोपेत तो जवळजवळ बंद. बाळंतपणानंतर शरीरातल्या रसांनी या दरवाजाची कडी बदलते. सगळ्या जगासाठी तो बंदच राहतो, फक्त एकासाठी सताड उघडतो. हजार खोट्यांत एक खरं ओळखायचं, तेही अर्ध्या झोपेत, कमीत कमी ताकद खर्चून. हवाई दलाला हेच हवं होतं. आठवणी नकोत, विचार नकोत, फक्त त्या कडीची ठेवण हवी होती. तिची नक्कल करून विमानाच्या मेंदूत बसवायची.

तळावरच्या कुटुंबांतून गरोदर बायकांना विचारण्यात आलं. निनादने घरी येऊन सांगितलं तेव्हा ऋजुताला सातवा लागला होता.

"नुसती टोपी घालून झोपायचं गं. मऊ असते, लोकरीच्या कानटोपीसारखी."

"आणि त्याने काय होणार?"

"आपल्या विमानांना शत्रू ओळखता येईल. मीच पिना काढतो ना रोज. आपलंच विमान आंधळं आहे हे माहीत असून पिना काढायच्या म्हणजे..." त्याने वाक्य पुरं केलं नव्हतं. तिने हो म्हटलं ते त्या न संपलेल्या वाक्यासाठी.

बाळंतपणाला ती माहेरी गेली. खोलीत शेगडी, ओव्याचा धूर, खाटेखाली विळा, आणि डोक्याला लोकरी कानटोपीऐवजी हवाई दलाची टोपी. आई म्हणाली, "आमच्या वेळी बाळंतिणीच्या कानात कापसाचे बोळे घालायचे. आता तारा घालतात." सव्वा महिना टोपीने सगळं टिपलं.

आणि मग निकाल आला. टोपी घातलेल्या सगळ्या बायकांमध्ये ऋजुताच्या मेंदूची कडी सर्वांत हलकी निघाली. सगळ्या चाचण्यांत तिच्या नमुन्यावर बेतलेलं यंत्र सर्वांत आधी जागं झालं. हवाई दलाने चिमीला चांदीचा वाटी-चमचा दिला. विमानाचं नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण ठेवणाऱ्याने मायेने ठेवलं असणार. टिटवी. उघड्या माळावर अंडी घालते, जराशा चाहुलीने ओरडत उठते, आणि आभाळ पडलं तर पिलांवर पडू नये म्हणून पाय वर करून झोपते म्हणतात.

सर्वांत हलकी कडी. ऋजुताने तेव्हा ते कौतुक म्हणून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी पैलदेशाने फोटो प्रसिद्ध केला. तो हेरफुगा नव्हता. नदीकाठच्या एका शाळेने हवामान मोजायला सोडलेला फुगा होता. तसाच दुसरा फुगा मुलांच्या हातात होता. खाली थर्माकोलची पेटी, पेटीवर रंगीत खडूंनी काढलेला सूर्य, आणि सूर्याला डोळे, नाक, मिशा. आपल्या टीव्हीने सांगितलं की ही शत्रूची बनवाबनवी आहे. प्रधानकाकूंनाही ते पटलं. "लहान मुलांना पुढे करतात मेले!"

ऋजुताला त्या मिशा डोळ्यांपुढून पुसता येईनात. पैलदेश म्हणजे काही चंद्र नव्हे. दोन्ही मुलूख एकेकाळी एकच होते. तिच्या आईचं माहेर नदीपल्याडचं. तिकडेही बाळंतिणीला डिंकाचे लाडूच देतात.

दुपारी चिमी झोपली, आणि पाचच मिनिटांत ऋजुता दचकून पाळण्यापाशी धावली. काही नव्हतं. चिमी झोपेत ओठ चोखत होती. ती परत येऊन बसली. पुन्हा धावली. काही नव्हतं. तिसऱ्या वेळी, पाळण्याच्या दोरीवर हात ठेवून, ती जागच्या जागी थिजली.

दिवसातून किती वेळा धावते मी? आणि त्यातलं किती वेळा खरंच काही असतं?

कॉलेजात तिचा विषय संख्याशास्त्र होता. चुका दोन जातींच्या असतात हे पहिल्याच वर्षी शिकवतात. नसलेलं आहे म्हणणं ही एक, असलेलं नाही म्हणणं ही दुसरी. आईचा मेंदू दुसरी चूक होऊ नये म्हणून पहिली चूक हवी तेवढी करत राहतो. त्याला ते परवडतं. कारण नसताना धावलं तर काय होतं? बाळाला उगाच उचललं जातं, पाजलं जातं, थोपटलं जातं. आईच्या चुकीची शिक्षा म्हणजे एक जास्तीची मिठी.

टिटवीला हात नव्हते. तिला दिलं होतं ते फक्त क्षेपणास्त्र.

डॉ. टिपणीस तळाच्याच आवारात बसत. ऋजुता चिमीला कडेवर घेऊन गेली. डॉक्टरांनी आधी चिमीच्या गालाला हात लावला, मग बसायला सांगितलं. त्यांच्याही घरी मुलगी होती, कॉलेजात जाणारी. टेबलावरच्या चौकटीत फोटो होता.

ऋजुताने सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत होत्या आणि हळूहळू त्यांच्या हातातलं पेन थांबलं.

"पण ऋजुता, तू प्रत्येक वेळी धावत होतीस असं टोपी म्हणत नाही. पुष्कळ वेळा तू जागी होऊन पुन्हा झोपलेली आहेस. ते आम्ही घेतलंय. म्हणजे यंत्राला शांत होणंही शिकवलंय."

"मी कशी झोपले ते घेतलंय का?"

"म्हणजे?"

"माझी आई शेजारी होती. मी ताडकन उठायचे, आणि आई म्हणायची, 'काही नाही गं. झोप. नुसती कूस बदलली तिने.' मग मी झोपायचे. कधी ती चिमीला माझ्या कुशीतून उचलून बाहेर घेऊन जायची. ते कुठे आहे?"

डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे तोंड वळवलं. बराच वेळ नुसता कळांचा आवाज येत राहिला. चिमीने टेबलावरचा कागद चोळामोळा करून तोंडात घातला, तो ऋजुताने काढून घेतला.

"बाळाच्या आवाजाखेरीज बाकीचे आवाज गाळले आहेत," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "भांडी, पंखा, माणसांचं बोलणं. गोंगाट म्हणून. तसंच करतात. आणि बाळ खोलीबाहेर गेलं की तेवढा भाग आम्ही वगळला होता. त्याला 'विश्रांती' असं नाव दिलंय."

"मग मी झोपले ते यंत्राला कसं दिसलं?"

"आपोआप झोपलीस असं. त्यामुळे त्याचं काही कारण यंत्राला सापडलं नाही. कारण नसलेली गोष्ट ते शिकत नाही, टाकून देतं." त्यांनी चष्मा काढला. "देवा रे! आमच्याकडे बाळंतीण कधी एकटी नसतेच. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझ्या बाळंतपणात माझी मावशी होती."

बाळंतिणीच्या खोलीत दोघी असतात. एक दचकणारी आणि एक 'काही नाही गं' म्हणणारी. त्या दोघी मिळून एक आई होते. विमानांत गेली ती अर्धी.

"मग दुसरी घाला ना आता," ऋजुता म्हणाली. "आई येईल. मी आणते तिला. टोपी घालेल ती."

"नव्याने करावं लागेल सगळं. वर्ष, दोन वर्षं. आणि तोवर टिटव्या उतरवून ठेवायला हव्यात. ते माझ्या हातात नाही." डॉक्टरांनी फोन उचलला. "रणदिवेंना भेट. मीही येते."

टिटव्यांच्या तुकडीचा प्रमुख ग्रुप कॅप्टन रणदिवे भला माणूस होता. तिचं काम त्यामुळेच अवघड झालं. कुणी उर्मटपणे हाकलून दिलं असतं तर निदान चिडता आलं असतं. त्याने चहा मागवला, चिमीला ग्लुकोजचं बिस्किट दिलं, आणि सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मिसेस खोत, तुमचं म्हणणं बरोबर असेल. नव्हे, आहेच असं समजू. आपण टिटवीत तो दुसरा आवाज घातला. काही नाही म्हणणारा. आता समजा, एके दिवशी टिटवीला चाहूल लागली, आणि तो आवाज म्हणाला, काही नाही, झोप. आणि ते खरं निघालं. इथे, या वसाहतीवर. तुमच्या घरावर. मग?"

ऋजुताचा हात चिमीच्या पाठीवर गेला.

"त्या आवाजाखाली सही कोणाची असेल, सांगा बरं मला? फुगा पाडला तर चूक शत्रूच्या गळ्यात घालता येते. विमान सुटलं तर चूक माझी. माझ्या जागी कुणीही बसवा, तो शांतपणाखाली सही करणार नाही." त्याने डॉ. टिपणिसांकडे पाहिलं. "तुम्ही कराल?"

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. सही मागितली असती तर आपण केली असती का, या प्रश्नाशी ऋजुता स्वतःच अडखळली होती. चिमी इथेच झोपते. तळाकडच्या खिडकीखाली.

"मग माझा नमुना परत द्या," ती शेवटी म्हणाली. "मी दिलेली संमती मागे घेते."

रणदिवेचा चेहरा खरोखर पडला. "तो आता नव्वद विमानांत आहे. तुमच्या दुधावर वाढलेलं मूल परत पोटात घेता येईल का? आणि समजा उतरवली आपण विमानं. तिकडच्यांनीही त्यांची सातवी पिढी आणलीय, गेल्याच महिन्यात. तिचं नाव काय ठेवलंय माहितेय? हिरकणी नाही, वाघीण नाही. 'जागल'. रात्रभर राखण करते ती जागल. म्हणजे तीही कुणाकडून घेतली असणार, कळलंच असेल तुम्हाला."

कळलं. नदीपलीकडे, कुठल्याशा खोलीत, शेगडीशेजारी, डोक्याला टोपी घालून कुणीतरी झोपली होती. तिचीही कडी हलकी असणार. सर्वांत हलकी म्हणूनच निवडली असणार. तिलाही कुणी वाटी-चमचा दिला असेल.

"आठव्या पिढीत नक्की विचार करू," रणदिवे दारापर्यंत सोडायला येत म्हणाला. "टिपण ठेवतो मी."

घरी आल्यावर ती निनादवर तुटून पडली. दुसरं होतंच कोण?

"तू पिना काढू नकोस."

"काय बोलतेयस तू?"

"उद्यापासून तू त्या पिना काढायच्या नाहीत. तू मला म्हणाला होतास, आपलं विमान आंधळं आहे म्हणून तुला भीती वाटते. आता ते भित्रं आहे, निनाद! माझ्याइतकं भित्रं. मी कशी आहे माहितेय ना तुला? पाल चुकचुकली तरी मी चिमीला उचलते. माझ्या हातात बंदूक दिली असतीस का तू?"

तो हसू लागला, मग थांबला. तिच्याबरोबर एका छताखाली राहणाऱ्या माणसाला ते चित्र डोळ्यांपुढे आणायला वेळ लागला नाही. त्याने खिशातून एक जुनी, फाटलेली लाल पट्टी काढून टेबलावर ठेवली. चिमीला खेळायला आणली होती.

"मी नाही काढल्या तर सावंत काढेल. सावंतने नाही काढल्या तर आणखी कुणी. मला तुरुंगात टाकतील आणि तुम्हाला हे घर सोडावं लागेल. विमान उडायचं ते उडणारच."

"ठाऊक आहे मला."

"मग मी काय करू, तू सांग."

तिने ती पट्टी उचलून चिमीच्या हाताला लागणार नाही अशी मांडणीवर ठेवली. त्या दिवसापासून निनाद घरी येताना शीळ घालेनासा झाला. बोलणं व्हायचं, पण भाजी काय आणि दूध आलं का, एवढंच. तिची नजर त्याच्या हातांवर जायची आणि तो हात खिशात घालायचा.

आईला तिने फोनवर सगळं सांगितलं. आई नेहमीसारखं म्हणाली, "काही नाही गं होणार. उगाच जीव काढू नकोस."

"आई, तुला कसं कळायचं? तेव्हा, बाळंतपणात. काही नाही म्हणायचीस ते खरंच काही नाही, हे कसं ओळखायचीस?"

आई पलीकडे जरा ओशाळून हसली. "मला कुठे कळायचं? मी तुझ्यापेक्षा जास्त घाबरायचे. तू झोपलीस की बॅटरी घेऊन पोरीची छाती हलतेय का बघायचे. पण दोघींनी घाबरून कसं चालेल? कुणीतरी म्हणायला हवं ना, म्हणून म्हणायचे."

ऋजुता फोन हातात धरून उभी राहिली. म्हणजे टोपी आईच्या डोक्यावर घातली असती तरी तिथे तेच सापडलं असतं. दुसरी कडी नव्हतीच कुठे. होता तो नुसता आवाज, आणि तो त्यांनी गाळला होता.

पुढचे दिवस आभाळाकडे बघण्यात गेले. टीव्ही म्हणत होता की नदीच्या दोन्ही तीरांवर विमानं सज्ज आहेत. प्रधानकाकूंनी डाळ-तांदूळ भरून ठेवले. डॉ. टिपणिसांनी वरपर्यंत पत्रं लिहिली आणि त्यांची बदली झाली. जाताना त्या चिमीसाठी एक खुळखुळा ठेवून गेल्या. ऋजुताशी नजर भिडवायला त्या थांबल्या नाहीत.

अशाच एका दुपारी ऊन लख्ख होतं. गॅलरीत ऋजुता चिमीची दुपटी वाळत घालत होती. आत चिमी झोपली होती. कुंपणापलीकडे टिटव्या ओळीने उभ्या होत्या, नाकं नदीकडे करून, अर्ध्या झोपेत. त्यांच्या पंखांखाली लाल पट्ट्या वाऱ्याने फडफडत होत्या. फाटकाजवळच्या दुसऱ्या पिढीच्या पोटातून साळुंकी उडाली आणि पुन्हा आत शिरली. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, तिचं नाही आणि टिटव्यांचंही नाही.

आणि एकाएकी तिच्या अंगावर काटा आला. मान आपोआप वळली. हातातलं दुपटं खाली पडलं. काहीतरी आहे.

आभाळात काही नव्हतं. नदीवर काही नव्हतं. आवाज नव्हता, वासही नव्हता. ती धावत पाळण्यापाशी गेली. चिमी गाढ झोपली होती, मूठ गालाशी. ऋजुताने तिच्या छातीवर हात ठेवला. छाती हलत होती. काही नव्हतं. रोज दहादा होतं तसंच. तिने श्वास सोडला.

गॅलरीत परत आली तेव्हा टिटव्यांच्या रडारवरची झाकणं उघडली होती.

भोंगा अजून वाजलेला नव्हता. करड्या नाकांवरची झाकणं एकामागून एक मागे सरकली आणि सगळी ओळ एकाच दिशेला जराशी वळली. तिच्या मानेसारखी. मग भोंगा वाजला. माणसं धावत सुटली. त्या पळापळीत तिला निनाद दिसला. इतक्या लांबूनही चालण्याच्या लकबीवरून तिने त्याला ओळखलं. तो पहिल्या विमानाखाली वाकला.

"नको," ती म्हणाली. तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

पाळण्यापाशी जाऊन बाळाच्या छातीवर हात ठेवायची सोय टिटव्यांना नव्हती. त्या कशाने दचकल्या होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पुढे कुणालाही सांगता आलं नाही.

निनाद विमानाखालून बाहेर आला. ताठ उभा राहिला. क्षणभर त्याने वसाहतीच्या दिशेला पाहिलं, की तिलाच तसं वाटलं. मग त्याने हात उंचावला. मुठीत लाल पट्ट्या होत्या.

टिटव्या उठल्या. चार, मग आणखी चार. काचा थरथरल्या, मांडणीतली भांडी वाजली, चांदीची वाटी घरंगळत जमिनीवर आली. नदीच्या पलीकडच्या आभाळात काळे ठिपके वर चढताना दिसले. तिकडचीही जागी झाली होती. ही उठली म्हणून ती, आणि ती उठली म्हणून ही आता परत झोपणार नव्हती.

आत चिमी किंचाळून उठली. ऋजुताने तिला उचललं, छातीशी धरलं, आणि गॅलरीच्या दारात उभं राहून थोपटायला लागली. थोपटण्याचा ताल चुकला नाही.

"काही नाही गं," ती म्हणाली. "काही नाही. झोप. नुसती कूस बदलली कुणीतरी."

चिमी तिच्या खांद्यावर हुंदके देत हळूहळू शांत झाली. ऋजुताचे डोळे मात्र आभाळावर होते. ती म्हणतच राहिली, मोठ्याने, मग आणखी मोठ्याने, नदीच्या दिशेला तोंड करून. काही नाही गं. काही नाही. प्रधानकाकू गॅलरीत येऊन तिच्याकडे बघत राहिल्या. वर टिटव्यांना पाखराचा पंख ऐकू येत होता, धुळीचा कण ऐकू येत होता, पैलतीरावरचं प्रत्येक इंजिन वेगळं ऐकू येत होतं.

'काही नाही गं' हे ऐकायला मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.